बाहेरून काहीच बदलणार नाही म्हणे! मग सही कोणाची?

कामगार बंधू-भगिनींनो,

रेल्वेच्या जुन्या संगणक प्रणाल्या बदलण्याचे वारे आता जोरात वाहू लागले आहे. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले की प्रवासी आरक्षणाची प्रणाली नव्याने उभी केली जात असून मिनिटाला ३२ हजारांऐवजी दीड लाखाहून अधिक तिकिटे काढण्याची तिची क्षमता असेल. आधीची प्रणाली २०१० साली बसवलेली, इटॅनियम जातीच्या सर्व्हरवर चालणारी. इटॅनियमचा पुरवठा इंटेल कंपनीने २०२१ सालीच थांबवला. अशी यंत्रे किती दिवस रेटणार? ती बदलणे भाग आहे हे आम्हालाही कळते. जनतेला तिकीट लवकर मिळावे, याला कामगार संघटनेचा विरोध असण्याचे काही कारण नाही.

आमचा प्रश्न पुढचा आहे. आज आरक्षण, उद्या पगारपत्रक, परवा रनिंग कर्मचाऱ्यांची ड्यूटी आणि विश्रांती, मग बुकिंग ऑफिसचा हिशेब. जुना प्रोग्रॅम तिथे तिथे नवा करण्याची पाळी आज ना उद्या येणारच. तेव्हा टेबलापलीकडून एक वाक्य ऐकू येईल: ‘आम्ही फक्त आतली मांडणी सुधारतो आहोत, बाहेरून काहीच बदलणार नाही. मग युनियनशी चर्चा कशाला?’ वाक्य गोड आहे, शास्त्राचा आधार असलेलेही आहे. म्हणूनच ते नीट तपासून घेतले पाहिजे. दुर्गपासून इतवारीपर्यंत आमच्या झोनमध्ये मराठी बोलणारे हजारो कामगार आहेत. त्यांच्या हाती हा विषय त्यांच्या भाषेत द्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे रिफॅक्टरिंग म्हणजे काय?

शब्द इंग्रजी आहे म्हणून बिचकण्याचे कारण नाही. आमच्यातले पुष्कळ जण मॅट्रिकपर्यंतच शिकलेले आहेत, तरी गोष्ट समजण्यासारखी आहे. रिफॅक्टरिंग म्हणजे प्रोग्रॅमचे बाहेरचे वागणे आहे तसेच ठेवून त्याची आतली मांडणी सुधारणे. घर तेच, राहणारी माणसे तीच, बटणे त्याच जागी. फक्त भिंतीत गुंतागुंत झालेले वायरिंग काढून नीट पट्टीतून न्यायचे, असे समजा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ साली या विषयावर प्रबंध लिहिला आणि १९९९ साली मार्टिन फाउलर यांच्या पुस्तकाने हा शब्द सर्वतोमुखी केला.

दुसरा शब्द ‘डिझाइन पॅटर्न’, म्हणजे ठरीव नमुने. सुताराला चौकटीचे सांधे ठाऊक असतात, प्रत्येक दरवाजाला तो नवा सांधा शोधत बसत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचेही असे सांधे असतात. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी १९९४ साली असे २३ नमुने एका पुस्तकात एकत्र केले. पुढे दोन्ही गोष्टींची सांगड घातली गेली. जुना, वाढत वाढत वडाच्या पारंब्यांसारखा गुंतलेला प्रोग्रॅम घ्यायचा आणि एकेक पाऊल टाकत तो या नमुन्यांत बसवायचा. हे काम माणसाऐवजी यंत्राने करावे यावर या शतकाच्या सुरुवातीपासून संशोधन चालू आहे. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली. २०२३ साली आय.बी.एम. कंपनीने जुन्या कोबोल भाषेतले प्रोग्रॅम जावा भाषेत नेण्यास मदत करणारे साधन जाहीर केले. माणसाला जे काम करायला महिने लागत, ते दिवसांत होईल असा या बाजाराचा दावा आहे.

या कामाचा फायदा नाही असे आम्ही म्हणणार नाही. वेतन आयोग लागू झाला की थकबाकी निघायला महिने का लागतात? कारण पगाराच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक आकडा बदलायचा तर दहा जागी हात घालावा लागतो, आणि त्या दहा जागा ठाऊक असलेला माणूस कधीच निवृत्त झालेला असतो. मांडणी स्वच्छ झाली तर बदल एका जागी करता येतो. हे चांगलेच आहे. पण ‘बाहेरून काही बदलले नाही’ हे ठरवायचे कोणी? आमच्या मते या विषयातला खरा वाद एवढ्या एका प्रश्नाचा आहे.

जर-तरच्या ओळी म्हणजे आमचे करार

रेल्वेत संगणक काल-परवा आलेला नाही. १९६० च्या दशकात आय.बी.एम. १४०१ ही यंत्रे रेल्वेच्या मुख्यालयांत बसली. १९८५ साली दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले. १९८६ साली ‘क्रिस’ ही रेल्वेची स्वतःची संगणक संस्था स्थापन झाली. या प्रदीर्घ काळात प्रत्येक परिपत्रक, प्रत्येक निवाडा, प्रत्येक समझोता कोणा ना कोणा कारकुनाने, कोणा ना कोणा प्रोग्रॅमरने ‘जर असे असेल तर तसे करा’ या रूपात यंत्रात उतरवला. म्हणजे जुना प्रोग्रॅम ही नुसती तांत्रिक वस्तू राहिलेली नाही, ती आमच्या हक्कांची वही झाली आहे.

उदाहरणे घ्या. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत काम केले तर प्रत्येक तासामागे १० मिनिटांचे वजन मिळते, त्यावर रात्रपाळी भत्ता ठरतो. २०२० च्या आदेशाने त्याला ४३,६०० रुपये मूळ पगाराची मर्यादा घातली गेली आणि त्याविरुद्ध संघटनांनी आवाज उठवला. रनिंग कर्मचाऱ्यांच्या मूळ पगाराचे ३० टक्के काही कारणांसाठी पगार म्हणून धरले जातात, तर निवृत्तिवेतनासाठी ५५ टक्के. मुख्यालयी परतल्यावर ड्यूटी ८ तास किंवा अधिक झाली असेल तर १६ तास विश्रांती, ८ तासांपेक्षा कमी असेल तर १२ तास. बाहेरगावी हिशेब निराळा. २००३ साली दक्षिण पूर्व रेल्वेतून आमचा दक्षिण पूर्व मध्य रेल्वे झोन वेगळा झाला, त्या वेळच्या सेवाज्येष्ठतेच्या नोंदी निराळ्या.

या ओळी कोणाच्या मेहरबानीने आल्या नाहीत. १० तासांच्या ड्यूटीचे आश्वासन लोको रनिंग कर्मचाऱ्यांनी ऑगस्ट १९७३ मध्ये संप करून मिळवले. मे १९७४ चा वीस दिवसांचा संप, त्यातील अटका, बडतर्फी, क्वार्टरमधून बाहेर काढलेली कुटुंबे, हा इतिहास आमच्या आधीच्या पिढीने भोगलेला आहे. त्या लढ्यांचे जे काही पदरात पडले, ते आज कागदावर कमी आणि प्रोग्रॅमच्या ओळींत जास्त जगते आहे. कारण आज पगार नियमपुस्तक पाहून होत नाही, यंत्र सांगते तसा होतो.

यंत्राला काय दिसत नाही?

रिफॅक्टरिंगचे साधन बेभान चालत नाही, हे मान्य केले पाहिजे. ऑपडाइक यांनी प्रत्येक बदलाला पूर्वअटी घालून दिल्या होत्या. अमुक नाव आधीच वापरात नसेल तरच तमुक बदल करा, अशा त्या अटी आहेत. पण त्या प्रोग्रॅमच्या आतल्या आहेत. साधनाला ओळी दिसतात. ती ओळ का लिहिली गेली हे दिसत नाही. ऑगस्ट १९७३ त्याला दिसत नाही.

समजा, विश्रांतीचा हिशेब करणारे दोन तुकडे जुन्या प्रोग्रॅममध्ये आहेत, एक लोको पायलटचा आणि एक गार्डचा, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. दोन्ही जवळजवळ सारखे. साधन म्हणते, हे एकाच गोष्टीचे दोन अवतार, यांचा एक नमुना करू आणि फरकाचे आकडे बाहेरच्या तक्त्यात ठेवू. सुधारणा उत्तम. पण तक्त्यात एका वर्गाचा आकडा भरायचा राहिला आणि प्रोग्रॅमने मुकाट्याने १६ ऐवजी १२ धरले, तर काय होईल? लॉबीतला संगणक सांगेल की विश्रांती पूर्ण झाली. चार तास आधी कॉल येईल. तो गार्ड ‘माझी विश्रांती झालेली नाही’ म्हणाला, तर ड्यूटी नाकारल्याचा ठपका त्याच्यावर. आणि तो डोळे चोळत गाडीवर गेला, तर जोखीम साऱ्या गाडीची.

दुसरे उदाहरण ‘मेलेल्या ओळीं’चे. वर्षभरात एकदाही न चाललेल्या ओळी निरुपयोगी समजून छाटण्याचा मोह प्रत्येक साफसफाईत होतो. पण न्यायालयातून कामावर परत आलेल्या माणसाची आठ-दहा वर्षांची थकबाकी काढणारी ओळ वर्षातून कितीदा चालणार? ती दहा वर्षांत एकदा चालते, आणि ज्या दिवशी चालते त्या दिवशी एका कुटुंबाचे नशीब तिच्यावर अवलंबून असते. यंत्राच्या मोजणीत ती ओळ मेलेली, आमच्या मोजणीत जिवंत.

शास्त्राची पुस्तकेही हेच सांगतात की आधी चाचण्या लिहा, मग रिफॅक्टरिंग करा. पण जुन्या प्रणालीची खरी अडचण हीच असते की तिला पुरेशा चाचण्या नसतात. मग साधन बनवणाराच चाचण्याही यंत्राकडून तयार करून घेतो. म्हणजे प्रोग्रॅम जे करतो तेच बरोबर, असे धरून त्याच्याशी ताळा जुळवायचा! यात दुहेरी धोका आहे. जे हक्क जुन्या प्रोग्रॅममध्ये नीट उतरले होते ते गळण्याचा एक, आणि जो अन्याय त्यात वर्षानुवर्षे चालू होता तो ‘वागणे तंतोतंत जपले’ या नावाखाली पक्का होण्याचा दुसरा. ज्या प्रश्नावर आमची तक्रार प्रलंबित आहे, तिथे जुने वागणे जपणे म्हणजे तक्रार फेटाळण्यासारखेच आहे.

एक तार बदलली तरी सही लागते

रेल्वेवाल्यांना हा विषय नवा नाही. यार्डात गाड्या चालू ठेवून आतली मांडणी बदलण्याचे काम आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतो. सिग्नलच्या रिले रूममध्ये एक तार बदलायची तरी सिग्नलवाल्याने डिस्कनेक्शनची नोटीस द्यायची, स्टेशन मास्तरने ती मान्य करायची, काम झाल्यावर प्रत्येक मार्ग तक्त्याशी ताडून पाहायचा, मगच रिकनेक्शन. त्या तक्त्यात लिहिलेले असते की अमुक सिग्नल उतरायचा तर अमुक सांधा अमुक बाजूला लागलेला असलाच पाहिजे आणि अमुक फाटक बंद असलेच पाहिजे. तार बदलणारा एक, तक्ता वेगळा आणि गाडी घेणारा तिसरा. या तिघांचे काम एकाच माणसाच्या किंवा एकाच यंत्राच्या हाती द्यायचे नसते, हे शहाणपण अपघातांत माणसे मरून आलेले आहे.

आणि ते शहाणपण गुंडाळून ठेवले की काय होते, हे २ जून २०२३ रोजी बालासोर जिल्ह्यातील बहानगा बाजार स्टेशनवर देशाने पाहिले. २९० हून अधिक माणसे गेली. जुलै २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरात रेल्वेमंत्र्यांनी सांगितले की पूर्वी कधीतरी केलेल्या सिग्नल सर्किटच्या बदलातील उणिवा आणि फाटकाचा अडसर बदलण्याच्या कामातील उणिवा यांमुळे गाडीला चुकीचा सिग्नल मिळाला. म्हणजे आतले वायरिंग बदलले गेले, बाहेर सगळे पूर्वीसारखेच आहे असे समजले गेले आणि कोरोमंडल एक्सप्रेस मेन लाइनचा हिरवा सिग्नल पाहून लूप लाइनवरच्या मालगाडीत शिरली. त्या प्रकरणी सी.बी.आय.ने अटक केली ती तीन खालच्या कर्मचाऱ्यांना. आतल्या बदलाची किंमत शेवटी कोणाच्या गळ्यात पडते, हे वेगळे सांगायला नको.

तारेच्या बाबतीत जो दंडक आहे, तोच प्रोग्रॅमच्या ओळीच्या बाबतीत का नसावा? पगार, विश्रांती आणि रोकड यांचे प्रोग्रॅम आमच्या आयुष्याचे सिग्नल आहेत. तिथे तक्ता कोणता आणि रिकनेक्शनची सही कोणाची?

परदेशात काय घडले

कोणी म्हणेल, युनियनवाले बागुलबुवा उभा करतात. तर कॅनडाकडे पाहा. तिथे केंद्र सरकारच्या सुमारे २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांचा पगार चाळीस वर्षे जुन्या प्रणालीवर होत असे. २०१६ साली ‘फिनिक्स’ नावाची नवी प्रणाली सुरू झाली. हा रिफॅक्टरिंगचा प्रकार नव्हता, जुनी प्रणाली काढून नवी बसवण्याचा होता; पण धडा आपल्या कामाचा आहे. त्यांच्या महालेखापरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे कामगार करारांतून आलेले ८० हजारांहून अधिक पगाराचे नियम त्या प्रणालीत उतरवायचे होते. खर्च आणि मुदत आवाक्यात ठेवण्यासाठी प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी पगाराची काही कामे त्यातून वगळली किंवा पुढे ढकलली. त्याआधी, पगाराचे नियम तोंडपाठ असलेल्या सुमारे १,२०० सल्लागारांची पदे कमी करून ठेवली होती. परिणाम असा की कोणाला पगार नाही, कोणाला अर्धा, कोणाला जास्त दिला म्हणून वसुलीच्या नोटिसा. लाखो कामगार वर्षानुवर्षे आपल्याच पगारामागे धावले.

इंग्लंडची गोष्ट तर याहून भयंकर. तिथल्या पोस्टात ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली १९९९ पासून बसवली गेली. यंत्र दाखवी की रोकड कमी आहे. पोस्ट चालवणारी बाई किंवा माणूस म्हणे की मी पैसे घेतलेले नाहीत. न्यायालय यंत्रावर विश्वास ठेवी. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना दोषी ठरवले गेले. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे घर गेले, काहींनी जीव दिला. २०१९ साली तिथल्या उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचे मान्य केले आणि २०२४ साली संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. शिक्षा रद्द झाली, गेलेली वीस वर्षे कोण देणार?

हे वाचून आमच्या बुकिंग क्लार्क बांधवांच्या मनात काय आले असेल ते आम्ही जाणतो. अकाउंट्सकडून एरर शीट येते, स्टेशनवर डेबिट पडते, मान्य केले तर पगारातून कापले जाते, हरकत घेतली तर टी.आय.ए. येईपर्यंत ते नावावर लटकत राहते. हिशेबाचा प्रोग्रॅम आतून बदलला आणि दुसऱ्या महिन्यापासून डेबिटे वाढली, तर आधी संशय प्रोग्रॅमवर घेतला पाहिजे की खिडकीवर बसलेल्या माणसावर? आजची रीत खिडकीपासून सुरू होते. आम्हाला ती उलटी करून हवी आहे.

नमुन्यांची विसरलेली गोष्ट

ज्या ‘पॅटर्न’च्या नावाने हे सारे चालले आहे, त्याचा उगम संगणकात नाही. ख्रिस्तोफर अलेक्झांडर नावाचे एक वास्तुशास्त्रज्ञ होते. गावे, गल्ल्या, घरे, ओसरी, खिडकी यांचे २५३ नमुने सांगणारे पुस्तक त्यांनी सहकाऱ्यांसह १९७७ साली प्रसिद्ध केले. त्यांचा आग्रह काय होता? की हे नमुने तज्ज्ञाने वरून लादण्यासाठी नाहीत, तर त्या घरात राहणाऱ्या माणसांनी स्वतःचे घर स्वतः ठरवावे यासाठी आहेत. ऑरेगॉन विद्यापीठाच्या आवारात त्यांनी तो प्रयोग करून पाहिला. १९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी हा विचार प्रथम प्रोग्रॅमच्या जगात आणला, तेव्हा त्यांनीही प्रणाली वापरणाऱ्या माणसांनाच नमुने हाती देऊन तिची रचना करायला बसवले होते.

पुढे काय झाले? नमुने राहिले, माणसे गळाली. आणि आता नमुने बसवण्याचे कामही यंत्राकडे जाणार, म्हणजे राहणाऱ्याला विचारण्याचा प्रसंगच उरणार नाही. आमची मागणी त्या शास्त्राच्या विरुद्ध नाही. त्या शास्त्राच्या जन्माच्या वेळी जे सांगितले गेले तेच आम्ही मागतो आहोत. घर आतून बदलायचे तर राहणाऱ्याला विचारा.

‘युनियनचा यंत्राला विरोध’ हा जुना आरोप

हा आरोप आमच्यावर प्रत्येक पिढीत झाला. खरा इतिहास काय आहे? १९६९ साली केंद्र सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली ऑटोमेशनचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ती कामगारांनी प्रश्न उभा केला म्हणून. १९८३ साली बँकांतील संघटनांनी संगणकाबद्दल रीतसर समझोता केला. यंत्र किती, कुठे आणि कोणत्या अटींवर, हे त्यात लिहिले गेले. आज बँकेत संगणक आहेच ना? करार झाला म्हणून काही आकाश कोसळले नाही.

आणि भिलाईच्या माणसाला तर दूर जायची गरजच नाही. आपल्या पोलाद कारखान्याला लोहखनिज देणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत पूर्ण यांत्रिकीकरणाचा प्रस्ताव आला, तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली खाण कामगारांनी नुसता नकार दिला नाही. त्यांनी स्वतः हिशेब मांडून अर्ध-यांत्रिकीकरणाची पर्यायी योजना पुढे ठेवली. कोणते काम यंत्राने, कोणते हाताने आणि खर्च किती, सारे आकड्यांनिशी. पुढे त्या धर्तीवर तिथे कामही चालले. नियोगींचा झेंडा आणि आमचा झेंडा वेगळा असेल. पण १९९१ साली याच भिलाईत ज्यांची हत्या झाली, त्या माणसाने शिकवलेली ही रीत कोणत्याही झेंड्याखाली खरी आहे. यंत्र येणार असेल तर त्याचा आराखडा कामगारानेही मांडावा.

कायद्याची पळवाट आणि आमच्या मागण्या

इथे एक गोष्ट प्रत्येक रेल्वे कामगाराने समजून घ्यावी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे सेवाशर्तींत बदल करायचा तर मालकाला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. पण त्याच कलमाच्या परंतुकात भारतीय रेल्वे आस्थापना संहिता ज्यांना लागू आहे त्यांना वगळलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्येही नोटिशीची तरतूद आहे आणि ही सूटही कायम आहे. म्हणजे नोटिशीचा कागद आमच्या हाती कायद्याने येणार नाही. आमच्या हाती आहे ती १९५२ पासून चालत आलेली कायम वाटाघाट यंत्रणा, ज्याला आपण पी.एन.एम. म्हणतो. म्हणून प्रत्येक शाखेने हा विषय आपापल्या विभागाच्या पी.एन.एम.च्या विषयपत्रिकेवर आजच टाकावा. प्रोग्रॅम बदलून झाल्यावर टाकण्यात अर्थ नाही.

मागण्या आम्ही मोजक्या आणि करता येण्यासारख्या ठेवतो.

पहिली मागणी तक्त्याची. पगार, ड्यूटी-विश्रांती आणि रोकड यांच्या प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी त्यातील प्रत्येक जर-तरसमोर तो कोणत्या नियमातून, परिपत्रकातून किंवा समझोत्यातून आला हे लिहिलेला तक्ता तयार व्हावा. तो करताना वेतन विभागातील, लॉबीतील आणि बुकिंगमधील जुने जाणते कर्मचारी आणि मान्यताप्राप्त संघटनांचे प्रतिनिधी बरोबर असावेत. निवृत्त झालेल्यांनाही बोलवा, मानधन द्या. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कोणत्याही साधनाच्या पोटात नाही. ज्या ओळीला नियम सापडत नाही, ती छाटण्यापूर्वी विचारा.

दुसरी मागणी समांतर चाचणीची. जुना आणि नवा प्रोग्रॅम निदान एक वर्ष बरोबरीने चालावा, म्हणजे जानेवारी आणि जुलैची वेतनवाढ, दसऱ्याचा बोनस, निवृत्तीची प्रकरणे, सारे त्यात येईल. दोन्हींच्या निकालात पैशाचा किंवा मिनिटाचा फरक आला तरी तो नोंदवून पी.एन.एम.समोर ठेवावा. फरक कामगाराच्या बाजूचा असो की प्रशासनाच्या, दोन्ही ठेवा.

तिसरी मागणी संरक्षणाची. या काळात नव्या प्रणालीच्या आकड्यावरून वसुली, डेबिट किंवा आरोपपत्र काढू नये. नंतरही कोणी हरकत घेतली, तर यंत्रातील मूळ नोंद आणि त्या प्रोग्रॅममध्ये केव्हा काय बदल झाला याची यादी त्या कर्मचाऱ्याला बचावासाठी मिळाली पाहिजे.

चौथी मागणी पदांची. ‘बाहेरून काही बदलणार नाही’ हे खरे असेल, तर त्या कामाच्या नावाने एकही पद कमी करता येणार नाही. कॅनडाने जाणकार माणसे आधी काढली आणि यंत्र नंतर अडकले. आमच्याकडे आधी प्रशिक्षण हवे, पदांचा विचार त्यानंतर आणि तोही चर्चेने.

पाचवी मागणी मालकीची. प्रोग्रॅम, तक्ता, चाचण्या आणि साधनाने केलेल्या बदलांची नोंद, सर्व रेल्वेच्या मालकीचे राहिले पाहिजे. ठेकेदार कंपनी गेली आणि किल्ली बरोबर घेऊन गेली, असे होता कामा नये.

या पाच मागण्यांत विज्ञानाला विरोध कुठे आहे? उलट आमच्या भिलाईतच आता आय.आय.टी. आहे. तिथले विद्यार्थी हीच रिफॅक्टरिंगची आणि नमुन्यांची पुस्तके शिकतात. त्यांच्यात आमचीही मुले असतील. त्यांनी एकदा लॉबीत यावे, वेतन विभागात बसावे, डेबिट कसे पडते ते पाहावे, आणि मग सांगावे की यातली कोणती ओळ मेलेली आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या कारखान्यात रूळ तयार होतो तेव्हा तो तपासणीतून गेल्यावरच लाइनवर जातो. यंत्राने बनवला म्हणून कोणी तपासणी सोडत नाही. आपल्या पगाराचा आणि विश्रांतीचा हिशेब रुळापेक्षा स्वस्त नाही. प्रशासन म्हणते की बाहेरून काहीच बदलणार नाही. उत्तम. तो ‘बाहेर’ म्हणजे आम्ही. तेव्हा काही बदलले की नाही, हे सांगण्याचा अधिकार आमचा आणि त्या दाखल्यावर एक सही आमचीही. ती सही मिळाल्याशिवाय रिकनेक्शन नाही, हे प्रत्येक शाखेने ठरावाने कळवावे.

कामगार एकजूट झिंदाबाद!

— सचिव, रेल्वे कामगार शाखा, भिलाई